स्टॅनफर्डचा विरलेला सूट

आमच्या घरच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी येणारं एक ढकलपत्र गेल्या आठवड्यात पुन्हा आलं. या खेपेला मामांनी टाकलं होतं, खाली हात जोडलेले तीन इमोजी. गोष्ट बहुतेकांना पाठ असेल. साध्या सुती झग्यातली एक बाई आणि विरलेल्या सुटातला तिचा नवरा बोस्टनला गाडीतून उतरतात आणि वेळ न ठरवता हार्वर्डच्या अध्यक्षांच्या कचेरीत जातात. सेक्रेटरी तासन्‌तास ताटकळत ठेवते. शेवटी अध्यक्ष कसेबसे भेटतात. बाई सांगते, आमचा मुलगा इथे वर्षभर शिकला, नंतर अपघातात गेला, त्याची काही आठवण इथे उभारावी म्हणतो. अध्यक्ष म्हणतात, गेलेल्या प्रत्येकाचा पुतळा उभारला तर इथे स्मशान होईल. मग इमारत देतो, असं ती म्हणाल्यावर ते हसतात: आमच्या इमारतींवर पंचाहत्तर लाख डॉलर खर्च झालेत! बाई नवऱ्याकडे वळते. ‘एवढंच लागतं होय? मग आपण आपलंच विद्यापीठ काढू.’ ते जोडपं म्हणजे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संस्थापक लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड.

मामांना ग्रुपवर उलट उत्तर देणं आमच्यात बसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी मुलाचं. तो हार्वर्डमध्ये एक वर्ष काय, एक दिवसही शिकला नाही. त्याचा जन्म १४ मे १८६८ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोचा. आईबापांच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं उलटून गेली होती आणि जेन एकोणचाळीस वर्षांची होती. हे एकुलतं एक पोर युरोपच्या सहलीत टायफॉइडने आजारी पडलं आणि १३ मार्च १८८४ ला इटलीत, फ्लॉरेन्समध्ये गेलं. सोळावा वाढदिवस दोन महिन्यांवर होता. अपघात नाही, हार्वर्ड नाही, कॉलेजचं वयही नाही. खरं तर हे कळायला विद्यापीठाचं पूर्ण नाव वाचलं तरी पुरतं. आजही ते अधिकृत कागदांवर ‘लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर युनिव्हर्सिटी’ आहे. त्यातला ज्युनिअर म्हणजे हा मुलगा. बापाचं नि मुलाचं नाव एकच होतं.

आता तो विरलेला सूट. इथे मात्र मला हसू आवरत नाही.

१८८४ साली लेलँड स्टॅनफर्ड हा अमेरिकेतल्या सर्वात श्रीमंत लोकांपैकी एक होता. शिक्षणाने वकील. विस्कॉन्सिनमधलं त्याचं ऑफिस १८५२ मध्ये पुस्तकांसकट जळालं, तेव्हा तो कॅलिफोर्नियात भावांच्या मागोमाग गेला आणि सोनं खणायला आलेल्यांना किराणा नि सामान विकू लागला. तिथून राजकारण: १८६२ आणि १८६३ ही दोन वर्षं तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता. त्याच वेळी तो सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्षही होता, म्हणजे एका खुर्चीवरून सरकारी मदत मागायची आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून ती द्यायला हातभार लावायचा. ही कंपनी अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग बांधत होती. १० मे १८६९ ला युटामध्ये पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रूळ जुळले, तेव्हा शेवटचा, सोन्याचा खिळा ठोकायच्या समारंभात हातोडा याच्याच हातात होता. सॅन फ्रान्सिस्कोत नॉब हिलवर त्याचा वाडा होता. घोड्यांच्या शर्यतींचा षौक असा, की धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हे बघण्यासाठी त्याने मायब्रिज या फोटोग्राफरला पैसे पुरवले. त्यातून १८७८ मधली ती प्रसिद्ध फोटोंची मालिका तयार झाली.

असा माणूस हार्वर्डच्या दारात ताटकळला आणि कोणी त्याला ओळखलं नाही?

पण तो हार्वर्डला गेला होता, हे खरं. मेसेजमधला तेवढा एक धागा अस्सल आहे. मुलगा गेल्यावर त्याच्या नावाने काय करावं, हे ठरवण्यासाठी नवरा-बायको पूर्वेकडची विद्यापीठं बघत फिरले. कॉर्नेल पाहिलं, एमआयटी पाहिलं, हार्वर्डही पाहिलं. हार्वर्डचे अध्यक्ष तेव्हा चार्ल्स एलियट होते. त्या भेटीची हकीकत पुढे त्यांनीच सांगितली. हे दोघं सल्ला मागायला आले होते: कॅलिफोर्नियात विद्यापीठ काढावं, तंत्रशिक्षणाची मोठी शाळा काढावी की संग्रहालय? एलियट म्हणाले, विद्यापीठ. पैसा किती लागेल? जमीन आणि इमारती सोडून निदान पन्नास लाख डॉलरची ठेव हवी. जेन गंभीर झाली. थोड्या वेळाने लेलँड हसून बायकोला म्हणाला, जमेल ना आपल्याला? तिने मान हलवली. झालं. अपमान नाही, पुतळा नाही, स्मशान नाही. एक श्रीमंत बाप, एक अनुभवी प्राचार्य आणि हिशेबाची बोलणी.

बाकी तारखा बघितल्या तरी पुरे. देणगीचा दस्त ११ नोव्हेंबर १८८५ चा. कोनशिला १४ मे १८८७ ची, म्हणजे मुलाच्या वाढदिवसाची. वर्ग सुरू झाले १ ऑक्टोबर १८९१ ला. रागाच्या भरात कोणी एवढे मुहूर्त साधत नाही. हार्वर्डला टोला म्हणायचाच तर तो वेगळाच होता: इथे पहिल्या दिवसापासून मुलींना प्रवेश होता आणि फी नव्हती.

‘कपड्यांवरून माणसाची किंमत करू नका,’ हे मेसेजचं शेवटचं वाक्य. याला माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. वाक्य चांगलंच आहे, पण ते सिद्ध करायला लेलँड स्टॅनफर्डला गरीब करावं लागलं, आणि तो गरीब झाला की त्याचा पैसा कुठून आला हा प्रश्नच कोणी विचारत नाही. रेल्वेला सरकार मैलामागे रोख्यांच्या रूपात कर्ज द्यायचं. सपाटीवर सोळा हजार डॉलर, डोंगरात अठ्ठेचाळीस हजार. स्टॅनफर्डने राज्याच्या भूगर्भतज्ज्ञाकडून असा अभिप्राय मिळवला, की सिएरा नेवाडाचा डोंगर सॅक्रॅमेंटोपासून जेमतेम सात मैलांवरच सुरू होतो. तिथे उभं राहिलं की चहूकडे जमीन ताटासारखी सपाट दिसते, पण राष्ट्राध्यक्ष लिंकनने तो अभिप्राय मान्य केला आणि कंपनीला डोंगराचा दर लागू झाला.

आणि तो खरा डोंगर फोडला कोणी? चिनी मजुरांनी, हजारोंच्या संख्येने. याच स्टॅनफर्डने जानेवारी १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून केलेल्या पहिल्या भाषणात चिन्यांना हीन लेखून त्यांचं येणं थांबवायला हवं, असं सांगितलं होतं. तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्षांना पाठवलेल्या अहवालात तोच लिहितो, की हे लोक शांत, सोशिक, कष्टाळू आणि काटकसरी आहेत. १८६७ च्या जूनमध्ये त्याच मजुरांनी पगारासाठी काम थांबवलं, तेव्हा कंपनीने त्यांच्या छावण्यांचा अन्नपुरवठा तोडला. आठवड्याभरात संप मोडला.

मामांना साधी राहणारी जेनच हवी असेल, तर तीही आहे. फक्त वर्ष चुकलंय. जून १८९३ मध्ये लेलँड वारला आणि इस्टेट कोर्टात अडकली. पुढच्या वर्षी सरकारने रेल्वेच्या जुन्या कर्जापोटी दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. विद्यापीठ बंद पडायची वेळ आली. कोर्टाने जेनला घरखर्चासाठी दरमहा दहा हजार डॉलर मंजूर केले होते. तिने प्राध्यापकांची गणती आपल्या घरच्या नोकरांत करून घेतली, त्यांचे पगार त्या पैशातून चालवले आणि स्वतःचा खर्च अगदी कमी केला. दावा १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, विद्यापीठाच्या बाजूने. तरी चणचण संपली नाही. १८९७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला लंडनमध्ये श्रीमंत गिऱ्हाइकं जमतील म्हणून, जेन आपले दागिने विकायला घेऊन गेली. भाव आला नाही. बरेचसे दागिने तसेच परत घेऊन आली.

१८९८ मध्ये तिने त्या सगळ्या दागिन्यांचं एक मोठं तैलचित्र काढून घेतलं. चित्रात माणूस एकही नाही, फक्त पेट्यांतून मांडलेले हार, कंकणं आणि खडे. तिच्या मागे ते दागिने विकले गेले आणि १९०८ मध्ये त्या पैशाचा ग्रंथालयासाठी निधी झाला. त्यातून आजही पुस्तकं घेतली जातात.