होडी कोणासाठी थांबते

मे आणि डिसेंबर हे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ठरावीक वादाचे महिने. कोकणात, गोव्यात किनाऱ्यांवर गर्दी उसळते, कुठेतरी होडी उलटते आणि सुरू होतं: आपल्या लोकांना शिस्त नाही, वेळेची किंमत नाही, परदेशात बघा कसं असतं. ‘परदेशात बघा’ आलं की सगळे माझ्याकडे वळतात, कारण मी दक्षिण फ्लोरिडात राहतो आणि आयता साक्षीदार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तर आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. १८ तारखेला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. २५ तारखेला कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला. लगेच कुणीतरी २४ मे २०२२ची तारकर्लीची बोट उकरून काढली, त्यात दोघं बुडाले होते. ‘नीलकमल’मधल्या प्रवाशांचा काडीचाही दोष नव्हता. तरी ग्रुपचा निकाल ठरलेला: शिस्त.

साक्ष द्यायला माझी ना नाही. फक्त ती ग्रुपला हवी तशी निघत नाही.

इकडे देशातून पाहुणे आले की त्यांना फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्ट बेटावर न्यायचं, आणि पाहुण्यांत तरुण मुलं असतील तर तिथली जेट स्कीची, म्हणजे पाण्यावरच्या मोटारसायकलची, सफर करायची, हे आता ठरूनच गेलंय. पुढे गाईड, मागे एकामागोमाग एक सगळे, आणि बेटाला पूर्ण वळसा. साधारण पंचेचाळीस किलोमीटर, दीड-दोन तास. मेक्सिकोच्या आखातातून निघून अटलांटिकमध्ये शिरायचं, आणि डोळ्यांदेखत पाण्याचा रंग बदलतो. मजा आहे, वादच नाही. खरी परीक्षा असते ती धक्क्यावर वेळेत पोचण्याची.

मायामीहून की वेस्ट सुमारे अडीचशे किलोमीटर. हेन्री फ्लॅगलर या उद्योगपतीने समुद्रातून रेल्वे टाकली, ती १९१२ मध्ये की वेस्टला पोचली, १९३५च्या चक्रीवादळात तिची वाताहत झाली आणि तिच्याच पुलांच्या आधाराने १९३८ मध्ये मोटाररस्ता सुरू झाला. बेटांमागून बेटं, ४२ पूल, त्यातला एक जवळजवळ अकरा किलोमीटरचा. फोटोत सुरेख दिसतो. पण बराचसा रस्ता जाण्याला एक लेन, येण्याला एक लेन असा, आणि दुसरा रस्ताच नाही. एक गाडी ठोकली की सगळे तासन्‌तास अडकले. वाटेत स्नेक क्रीकला उघडणारा पूल आहे. कुणाची तरी उंच शिडाची नौका जायची म्हणून आपण गाडी बंद करून बघत बसायचं. बिग पाइन बेटावर हरणं रस्त्यावर येतात म्हणून वेगमर्यादा कमी, आणि पोलीस ती पाळायला लावतात. एवढं करून गावात पोचलं की गाडी लावायला जागा नाही. गूगल साडेतीन-चार तास सांगतं. इथली जुनी माणसं पाच धरतात, किंवा आदल्या रात्री तिथेच मुक्काम टाकतात. ‘परदेशी शिस्त’ म्हणतात ती प्रत्यक्षात ही आहे: रस्त्यावर विश्वास नाही म्हणून लवकर निघायचं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून ताई, भावोजी आणि भाचा आले होते. आम्ही मुक्कामालाच होतो, त्यामुळे वेळेत पोचलो. नऊची फेरी, हजेरी साडेआठला. आमची लाइफ जॅकेटं चढवून झाली, गाईड सूचना द्यायला लागला आणि ओहायोच्या नंबरप्लेटची एक गाडी धक्क्यावर आली. आई, बाप, दोन मुलं. बाप पळतच तिकिटाच्या खिडकीशी गेला. पुलावर अपघात होता, आम्ही फोन करत होतो, कुणी उचलला नाही. खिडकीतल्या मुलीने शांतपणे सांगितलं की ही फेरी गेली, पैसे परत मिळत नाहीत, दुपारी जागा असेल तर बघते. दुपारी जागा नव्हती. आणि असती तरी उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दुपारचा भरवसा नाही. दोन-तीनला ढग गडगडायला लागले की फेऱ्याच रद्द होतात. माणूस गोरा, अमेरिकी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच असेल. म्हणजे उशीर होणं आपल्या रक्तात आहे, हे तरी बाद झालं.

भावोजी हळूच म्हणाले, ‘‘मालवणात त्यांना घेतल्याशिवाय होडी सुटली नसती.’’

खरंय. मी मूळचा कुडाळचा, मला होडीवाल्यांचे ते फोन तोंडपाठ आहेत. ‘‘खंय पावलास? येवा, मी थांबतंय हंय.’’ त्यात माया आहेच, पण हिशोबही आहे. सिंधुदुर्गात २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद. म्हणजे वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत, आणि त्यातही दिवाळी, नाताळ, मे अशा गर्दीच्या दिवसांत करायची. कमाई माणशी. सहा जणांची होडी चार जणांवर सोडली तर डिझेलही महाग पडतं. गिऱ्हाईक येणार मुंबई-गोवा महामार्गाने, ज्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ते अजून संपता संपत नाही. पनवेलहून निघालेला माणूस मालवणला किती वाजता पोचेल हे त्यालाच माहीत नसतं. अशा माणसाला ‘आपल्याकडे वेळेची किंमत नाही’ हे पुण्यातल्या सोफ्यावर बसून ऐकवणं मला जड जातं.

पण त्या थांबण्याची किंमत कोण देतं? भाड्यात ती दिसत नाही. वेळेवर आलेले उन्हात बसतात, ते एक वेळ चालेल. उशिरा आलेले धापा टाकत चढतात, आधीच खोळंबा झालेला असतो, पुढची फेरी डोक्यावर बसलेली असते. मग जॅकेट अंगावर फेकलं जातं, तीन बक्कलांपैकी वरचं एक लागतं, आणि ‘चला चला, बसा’. जे सांगायचं असतं ते गिळलं जातं.

आणि सांगायचं खूप असतं. की वेस्टच्या त्या अर्ध्या तासात गाईड एकेकासमोर गुडघ्यावर बसून पट्टे आवळत होता, मग जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघत होता. जॅकेट कानापर्यंत आलं तर पुन्हा आवळायचं. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला, पडलात तर इंजिन आपोआप थांबतं. पुन्हा चढायचं ते मागून. हाताच्या खुणा. पुढच्यापासून अंतर. उथळ पाण्यातल्या समुद्री गवतावर जायचं नाही, कारण तो सगळा भाग १९९०पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे, आणि गवत इंजिनात ओढलं गेलं तर तुम्ही जागच्या जागी अडकता. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे त्याने तीनदा घोकून घेतलं: थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा वेगाचा खटका, सोडलात तर ही गाडी वळत नाही. जेट स्की वळते ती मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतामुळे. झोत थांबला की हँडल कितीही फिरवा, ती नाकासमोर जाणार. नवखा माणूस घाबरला की पहिल्यांदा थ्रॉटल सोडतो आणि मग ज्याला चुकवायचं त्याच्यावरच जाऊन आदळतो. हे एक वाक्य ज्याच्या कानावर पडलं नाही तो सगळ्या रांगेला धोका आहे. ओहायोच्या कुटुंबाला परत पाठवलं याचं मला वाईट वाटलं. त्यांना त्या क्षणी घाईघाईत रांगेत घुसवलं असतं तर मी भाच्याला खाली उतरवलं असतं.

भाच्याची तर आणखी एक गंमत. फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला जेट स्की किंवा मोटरबोट चालवायची तर सुरक्षा शिक्षणाचं ओळखपत्र लागतं. पाहुण्यांसाठी परीक्षा देऊन नव्वद दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. भाच्याने ते आदल्या रात्री हॉटेलात बसून मिळवलं. ज्यांनी नव्हतं मिळवलं ते धक्क्यावर फोनात डोकं घालून प्रश्न सोडवत होते, हजेरी लवकर लावतात ती त्यासाठीही. भावोजी १९७९चे, समुद्रात कमरेच्या पुढे कधी गेले नाहीत. त्यांना काहीच लागलं नाही! कायदा अमेरिकेचा असला म्हणून शहाणाच असतो असं नाही. जेट स्की भाड्याने देणाऱ्याने आधी सूचना द्यायच्या हे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून धक्क्यावर तरी भावोजींची शिकवणी झाली. स्वतःची बोट घेऊन समुद्रात उतरणाऱ्या त्यांच्या वयाच्या माणसाला ती शिकवणीही नाही, आणि फ्लोरिडात बोटींचे अपघात काही कमी होत नाहीत.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की इथून उचलायचंच असेल तर सूचनांचा तो अर्धा तास उचला, पैसे बुडवणं उचलू नका. पैसे परत न देणं हा धंद्याचा बचाव आहे, सुरक्षेशी त्याचा संबंध नाही. उशीर झालेल्याला पुढच्या फेरीत बसवा, त्याच पैशांत. पण सुटणारी फेरी त्याच्यासाठी अडवू नका, आणि सूचना ऐकल्याशिवाय कुणाला चढवू नका. आपल्याकडे अपघातानंतर आदेश निघतो तो लाइफ जॅकेटचा. गेटवेला जॅकेट सक्तीचं झालं, चांगलंच झालं. पण ते कसं घालायचं, पाण्यात पडल्यावर काय करायचं, हे सांगायला लागणारा वेळ आदेशात कुठे असतो?

भावोजींनी लगेच विचारलं, ‘‘नाताळात पुढच्या फेरीत जागा असते का?’’ मी म्हटलं, नसते. म्हणजे फेऱ्यांमध्ये थोड्या जागा मोकळ्या ठेवाव्या लागतील आणि तिकीट थोडं महाग होईल. ते मला चालेल. त्यांना चालणार नव्हतं.

मग मालवणचा आमचा चुलतभाऊ बोलला, ज्याचा हाच धंदा आहे. एका मोसमात त्याने हे करून पाहिलं होतं. ठरल्या वेळेला होडी सोडायची, राहिलेल्यांना पुढची. राहिलेले दहा पावलांवर शेजारच्याकडे गेले. शेजारच्याने त्यांना घेतलं, शिवाय अजून दोघांसाठी अर्धा तास थांबला. दोन आठवड्यांत भाऊ पुन्हा ‘येवा, थांबतंय’वर आला. त्याचं म्हणणं, एकट्याने शिस्त पाळली की ते नुकसान, सगळ्यांनी पाळली तर नियम. आणि तो नियम परवान्यातच घातला पाहिजे, राज्याच्या मेरीटाइम बोर्डाने, किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला सारखा. त्यावर ग्रुपवर कुणी अंगठाही दाखवला नाही. थोड्या वेळाने कुणीतरी नाताळात तारकर्लीला खोली मिळेल का, असं त्यालाच विचारलं.