दिवस राहण्याआधीचे जेवण

गर्भवतीने काय खावे याबद्दल आपल्याकडे सगळेच सल्ला देतात, पण दिवस राहण्याआधी त्या बाईच्या ताटात काय पडत होते याकडे ना घराचे लक्ष असते ना सरकारी योजनांचे. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये माता-बाल आरोग्याचे काम करताना माझे हे मत बनत गेले. ते पक्के करणारे संशोधन याच शहरात झाले असूनही मुंबईकरांना त्याची फारशी माहिती नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्याचे मूळ पुण्याजवळच्या खेड्यांत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्या आधीपासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन साधारण २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या आसपास. मात्र आपली बाळे अंगाने बारीक असली तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, आणि पुढे मधुमेहाकडे नेणाऱ्या वाटेची सुरुवात इथेच होत असावी असे संशोधकांनी मांडले. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आईने किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली याच्याशी बाळाच्या आकारमानाचा संबंध आढळला नाही. पण ज्या बायका पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळे मोठी होती.

अर्थात, पालेभाजी आणि दूध ज्यांना परवडते त्यांची परिस्थितीच बरी असू शकते, त्यामुळे एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. ते तपासण्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. साडेसहा हजार स्त्रियांना गर्भ राहण्याआधीच तीत घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ रोज मिळे, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. हा खाऊ पाकीट हातात देऊन घरी पाठवला जात नसे. केंद्रावर येऊन तो कार्यकर्तीसमोर खायचा असे. ज्यांनी सासुरवाशिणीच्या नावावर मिळालेला शिधा घरातल्या सगळ्यांच्या भांड्यात जाताना पाहिला आहे, त्यांना या एका अटीचे मोल कळेल.

निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते डोळसपणे वाचायला हवेत. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर जन्मवजनात पडलेला फरक इतका थोडा होता की तो खाऊमुळेच पडला असे ठामपणे म्हणता येत नव्हते. पण गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या खाऊ घेत होत्या, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. त्यातही ज्यांचे स्वतःचे वजन उंचीच्या मानाने बरे होते त्यांच्यात हा फरक ९६ ग्रॅमपर्यंत गेला, आणि सर्वांत कृश स्त्रियांच्या बाळांना मात्र काहीच लाभ दिसला नाही.

ही शेवटची बाब मला फार अस्वस्थ करते. जिला सर्वाधिक गरज, तिलाच फायदा नाही. याचा एक अर्थ असा लावता येतो की वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेले शरीर मिळालेले पोषण आधी स्वतःची झीज भरून काढण्यात खर्च करते. तसे असेल तर रोजचा एक खाऊ तिला पुरणार नाही. तिला पोटभर जेवणही हवे आणि त्याची सुरुवात याहून बरीच आधी, किशोरवयातच व्हायला हवी.

जन्मवजनाच्या चर्चेत मागे पडलेला याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण बटाटा-कांद्याचा खाऊ मिळालेल्या गटात १२.४ टक्के होते, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के. हा लाभ बाळाइतकाच त्या बाईचा स्वतःचा आहे, आणि बाईचे आरोग्य केवळ बाळासाठी मोजले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता आपली व्यवस्था पाहा. पाळी चुकते, मग काही आठवडे कोणाला सांगायचे नसते, मग नाव घालायला केंद्रावर येईपर्यंत अनेकींना तिसरा-चौथा महिना लागलेला असतो. तेव्हा हिमोग्लोबिन तपासतात, गोळ्यांची पाकिटे हातात ठेवतात आणि पालेभाजी खायला सांगतात. ती मान डोलावते आणि शेजारी बसलेल्या सासूकडे पाहते, कारण बाजारातून काय यायचे हे तिच्या हातात नसते. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. आधी ही नलिका नीट न मिटण्याचा दोष असलेले बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तो पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ मध्येच सिद्ध झाले आहे. चौथ्या महिन्यात दिलेली गोळी त्या कामी येऊ शकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या स्त्रियांना आठवड्याला लोह व फॉलिक ॲसिडची एक गोळी देण्याचे धोरण कागदावर आहे. माझ्या वस्तीत नवविवाहितेपर्यंत ती पोहोचलेली मी क्वचितच पाहिली आहे.

दिल्लीत १३,५०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार, औषधोपचार, स्वच्छता आणि मानसिक आधार हे सारे गर्भधारणेच्या आधीपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत एकत्र दिले गेले. कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण जवळपास चतुर्थांशाने आणि दुसऱ्या वर्षाअखेरचे खुजेपण जवळपास निम्म्याने घटले. कृश आईसाठी एकटा खाऊ पुरत नाही, हेच यातूनही दिसते.

माझी मागणी साधी आहे. अंगणवाडीताईंच्या यादीत गरोदर बाईचे नाव चढते तसे वस्तीत लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीचे नाव चढावे, तिचे वजन, उंची आणि हिमोग्लोबिन तेव्हाच नोंदवले जावे, आणि तिला मूल कधी हवे, हवे की नको, हे न विचारता ताजा खाऊ अंगणवाडीतच बसून खाता यावा. पहिल्या बाळंतपणानंतर अंगावर पाजणे सुटले की बाई यादीतून गळते. तीही त्यात राहावी, कारण दुसऱ्या बाळाच्या आधीचा काळ तोच असतो. यासाठी ताईंवर कामाचा बोजा वाढणार, तेव्हा त्यांचे मानधनही वाढवावे लागेल, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद व्हावी म्हणून आपण आपल्या प्रभागातील नगरसेवकांकडे लेखी आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे.