घुबडाच्या दिव्याबद्दल ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत: "वायर कोरी, पाठीला भोक, कान चिकटवलेला. जुनं सांगून नवं गळ्यात मारलं. तासाभरात तापून वास सुटला."

कानाबद्दल आधी बोलतो, कारण ती चूक आमची आहे. डाव्या कानाचं टोक तुटलेलं होतं, ते जोडून रंगवलेलं आहे. साध्या उजेडात कळत नाही, यूव्ही टॉर्च मारली की तेवढाच भाग वेगळा चमकतो. पाचगणीच्या बंगल्यातून दिवा आणला त्याच दिवशी मी हे पाहून आमच्या वहीत लिहिलं होतं. तुमच्या पावतीवर मात्र ते आलं नाही, आणि तोंडी सांगायचंही राहिलं. ३,८०० रुपये घेताना हे सांगायलाच हवं होतं. माफी मागतो.

वायर मात्र मी मुद्दाम बदलली. मूळ वायरीवरचं रबर नुसता हात लावला तरी भुगा होऊन पडत होतं. ती २३० व्होल्टला जोडून कुणाच्या घरात द्यायची माझी तयारी नाही. जुनी वायर जपून ठेवली आहे, हवी तर घेऊन जा.

पाठीचं भोक मुळातलंच आहे. हा दिवा जर्मनीतला. त्या काळी तिकडे बैठकीच्या खोलीत सिगारेटचा धूर कोंडायचा, त्याचा वास झाकायला चिनी मातीची अशी घुबडं, कुत्री, मांजरं बनवायचे. आत छोटा बल्ब, वर वाटी, वाटीत अत्तराचे दोन-चार थेंब. बल्बच्या उबेने अत्तर उडतं, कंदिलासारखी खालून हवा आत येते आणि वास घेऊन भोकातून बाहेर पडते. कृपा करून ते बुजवू नका.

तुमच्या फोटोत ४० वॉटचा बल्ब दिसतोय. आम्ही १५ वॉटचा लावून दिला होता, तिथे तेवढाच चालतो. वाटीच्या तळाला जुन्या अत्तराचा चिकट थर आहे, कितीही घासला तरी पूर्ण निघाला नाही. तोच करपला असणार.

वयाचं म्हणाल तर बुडावर 'वेस्टर्न जर्मनी' असा शिक्का आहे, म्हणजे पश्चिम जर्मनी हा देश असतानाचा, १९४९ ते १९९० मधला. त्यात रबरी वायर, म्हणून मी पन्नास-साठच्या दशकातला म्हणतो.

नको असेल तर पूर्ण पैसे परत. ठेवणार असाल तर कानापोटी १,००० रुपये परत देतो. पण ठरवण्याआधी एकदा खोलीत अंधार करून १५ वॉटवर लावून बघा. छातीवर पिसं कोरलीत तिथे माती पातळ आहे, तिथून उजेड मधासारखा झिरपतो.

सोमवार सोडून कधीही या. आणताना दोन्ही हातांनी बुडाला धरा, कानाला धरून उचलू नका.