सुगीच्या तोंडावर फिरणारं ते 'दीडशेचं वादळ'

गेले काही दिवस गल्लीच्या, भिशीच्या, शिवाराच्या झाडून सगळ्या गटांत एकच मजकूर फिरतोय. गोषवारा असा: 18 तारखेला अरबी समुद्रातून महाचक्रीवादळ येणार. वेंगुर्ले-गोव्याला ताशी 150 किमी वेगाने धडकणार. चोर्ला घाटातून वर चढताना त्याचा वेग दुप्पट होणार आणि खानापूर, बेळगाव, निपाणी झोडपून काढणार. 'नासा'ने सांगितलंय, पण आपलं हवामान खातं लपवतंय. घराच्या खिडक्या उघड्या ठेवा, टाक्या भरून ठेवा, भात असेल तसं कापून घ्या. सोबत लाल-जांभळ्या भोवऱ्याचा एक फोटो.

एरवी असलं पुसून टाकायचं आणि गप्प बसायचं. पण येळ्ळूरच्या मामांनी हे वाचून हिरव्या भाताला विळा लावायला माणसं सांगितली. आता गप्प बसून चालणार नाही.

म्हणून आधी भाताचंच. 'असेल तसं कापून घ्या' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने शिवारात पाय ठेवलेला नाही. भात फुलोऱ्यावर आल्यापासून दाणा पुरा भरून पिकायला साधारण महिना लागतो. ओंबीतले शंभरातले 80-85 दाणे पिवळे झाले, दाण्यातली ओल 20 ते 24 टक्क्यांवर आली, की कापणी. त्याआधी कापलं की दाणा आत पांढरा, पोकळ राहतो आणि गिरणीत त्याची कणी होते. बासमती असो की इंद्रायणी, कणीला कोण भाव देतो?

हे झालं कोरड्या हवेतलं. आता पाऊस येणार म्हणून हिरवं कापलं आणि पाऊस खरोखरच आला, तर? तीस टक्के ओलीचं भात ढिगात पडलं की आतून तापतं. मग वास सुटतो, दाणा काळपट पडतो आणि चार दिवसांत ओंबीतच कोंब फुटतात. पेंढा कुजतो तो वेगळा. उभं पीक वाऱ्याने आडवं झालं तरी त्यातलं बरंचसं हाताने कापून घेता येतं. चिखलात पसरलेलं कापीव भात मात्र हातचं जातं. म्हणजे वादळ आलं नाही तरी नुकसान, आलं तर जास्त नुकसान.

पावसाची खरंच भीती असेल तर आज करायचं काम वेगळं आहे. शेतात पाणी तुंबलं असेल तर उताराकडचा बांध फोडून ते काढून द्या. चिखल घट्ट राहिला तर मुळं धरून राहतात आणि बासमतीसारखं उंच भात लगेच लोळत नाही. दाताखाली धरलेला दाणा कट्कन तुटत असेल, म्हणजे पीक खरोखर तयार असेल, तर खुशाल कापा. पण वाफ्यात पसरून ठेवू नका. पेंढ्या बांधायच्या, उंचवट्यावर कडब्याचा थर देऊन त्यावर रचायच्या. ताडपत्री फक्त वरून आणि वाऱ्याच्या बाजूने. चारी बाजूंनी गुंडाळली तर आतली वाफ बाहेर कुठून पडणार? मळणी जितकी लवकर तितकी बरी. साठवणीला ओल 14 टक्क्यांच्या आत हवी, बियाण्याला 12.

आणि घाई कशाची आहे? हवामान खातं चक्रीवादळाचा मार्ग पाच दिवस आधीपासून देतं. चार माणसं लावली तर घरचं भात कापायला पाच दिवस लागत नाहीत. वाट बघून काहीच जात नाही. अकरा दिवस आधी कापून मात्र पीक जातं.

अकरा दिवस कुठून आले? फोटो 18 तारखेच्या अकरा दिवस आधीचा आहे. त्याच्या खालची पट्टी बघा, अर्धी कापलीय पण वाचता येते. मॉडेल जीएफएस. हवामानाचं गणित मांडणारं हे अमेरिकन संगणकी मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि 16 दिवसांपर्यंतचं चित्र काढून देतं. सात दिवसांपलीकडे ते समुद्रात वादळं पेरत सुटतं, ही या मॉडेलची जुनी खोड आहे. सहा तासांनी नवीन रन, म्हणजे नवं गणित, आला की तेच वादळ ओमानला गेलेलं असतं, त्याच्या पुढच्या रनमध्ये गायब. फोटो काढणाऱ्याने ज्या रनमध्ये भोवरा सर्वांत भडक दिसला तो उचलला. फोटो ज्या हवामानाच्या ॲपमधून घेतलाय त्याच ॲपमध्ये एक बटण दाबलं की युरोपियन मॉडेल दिसतं. ते कुणी दाबलं नाही.

त्याच पट्टीत '850h' लिहिलंय. म्हणजे हा वारा जमिनीवरचा नाही, 850 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा, साधारण दीड किमी उंचीवरचा आहे. आकडा 80, पण एकक नॉट. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी, म्हणून 148. तो झाला 'दीडशे'. समुद्राच्या पृष्ठभागावर येईपर्यंत त्याचा पाऊण हिस्सा उरतो, जमिनीवर झाडं, घरं, डोंगर लागले की आणखी कमी. थोडक्यात, अकरा दिवसांनंतरचा, भर समुद्रावरचा, दीड किमी उंचीचा वारा उचलून बेळगावातल्या शहापूरच्या गच्चीवर आणून ठेवलाय.

आता घाटात वेग दुप्पट होण्याची गंमत. वादळाचं इंधन म्हणजे गरम समुद्र, साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी. किनारा ओलांडला की इंधन तुटतं आणि जमिनीचं घर्षण सुरू होतं. बेळगाव समुद्रापासून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किमी आत आणि साडेसातशे मीटर उंचीवर आहे. मध्ये सह्याद्री. एखाद्या खिंडीत झोत जोराचा लागतो, हे चोर्ल्याला दुचाकीवरून गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे; पण शेकडो किमी पसरलेलं वादळ घाटरस्त्याने ट्रकसारखं वर येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा झोत ताशी 120 किमीपर्यंत होते. पुण्यात झाडं पडली, हे खरं. पण दुसऱ्या सकाळपर्यंत त्याचं डिप्रेशन झालं होतं, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, वारा ताशी पन्नास किमीच्या आत. घाट चढून वेग वाढला असता तर पुण्याचं काय झालं असतं?

घाट चढताना वाढतो तो पाऊस. ओली हवा डोंगराला लागून वर ढकलली जाते, थंड होते आणि कणकुंबी-जांबोटीवर रिकामी होते. बेळगाव शहरात येईपर्यंत तो पाऊस बराच आटोपतो, अथणीकडे तर वर्षाचा पाऊसच पाच-सहाशे मिमीच्या घरात. म्हणून सावध राहायचंच तर मलप्रभेच्या उगमाकडच्यांनी, आणि तेही पाण्यापासून. ऑगस्ट 2019 चा पूर आठवा. त्यात चक्रीवादळाचा संबंध नव्हता. मान्सूनचा सलग पाऊस आणि वरच्या धरणांचा विसर्ग यांनी तो आणला.

नासा चक्रीवादळाचे इशारे देत नाही, तिचं काम उपग्रह आणि संशोधन. उत्तर हिंदी महासागरासाठी जागतिक हवामान संघटनेने नेमलेलं केंद्र दिल्लीत आहे, आपल्याच हवामान खात्याचं. वादळाला नावही तेच देतं, आणि वारा 34 नॉटला पोचल्यावरच. मे 2025 मध्ये असंच 'शक्ती' नाव लावून मजकूर फिरले. प्रत्यक्षात अरबी समुद्रातली ती प्रणाली डिप्रेशनच्या पुढे गेली नाही आणि 24 मे ला रत्नागिरीजवळ जमिनीवर आली. पाऊस भरपूर झाला, पण नाव मिळण्याइतकं वादळ ते कधीच नव्हतं. आणि लपवायचं म्हटलं तरी कसं लपवणार? इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाला कुणालाही फुकट दिसतात.

खातं चुकत नाही असं नाही. जून 2019 ला वायू वादळ गुजरातला धडकणार म्हणून लाखो लोक हलवले, आणि ते ऐन वेळी किनाऱ्याला बगल देऊन गेलं. पण ती चूक एक-दोन दिवसांच्या अंदाजातली, आणि ती वेळेत दुरुस्त करून सांगितली गेली. अलीकडच्या वर्षांत 24 तासांच्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा सरासरी 75-80 किमीने चुकते, 72 तासांच्या अंदाजात दीडशेच्या आसपास. यावरून अकराव्या दिवशी 'वेंगुर्ले' म्हणून बोट ठेवणाऱ्याची हिंमत कळते.

खिडक्या उघड्या ठेवायचं कारण म्हणे 'आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो'. साफ खोटं. घर काही हवाबंद डबा नसतं, फटींतून दाब आपोआप सारखा होतो. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छताला खालून उचलतो, आणि पत्र्याचं किंवा मंगळुरी कौलांचं छत असेल तर तेच जायचं. खिडक्या बंद करा. पत्र्याचे बोल्ट आवळून घ्या, वायसर कुजले असतील तर बदला. कौलांत आधी वळचणीची ओळ उडते, तिला तारेने बांधा.

टाकी भरून ठेवायचं मात्र खरं, तेवढं मान्य. हजार लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची असते, हलत नाही. रिकामी उडते. आणि वीज गेली तर पाणी लागतंच. वादळाचा लांबूनही त्रास होतो, हेही खरं: मे 2021 मध्ये तौक्ते समुद्रातूनच वर गुजरातकडे गेलं, तरी 16 मे ला गोव्यात झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले.

मग बघायचं काय? हवामान खात्याच्या दिल्ली केंद्राचं रोजचं उष्णकटिबंधीय हवामान पत्रक. त्यात अरबी समुद्रात पुढच्या 168 तासांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता दिवसागणिक दिलेली असते: नाही, कमी, मध्यम, जास्त. 'नाही' असेल तर विषय संपला. प्रणाली तयार झाली की पत्रकं वाढतात, चक्रीवादळ झाल्यावर दर तीन तासांनी येतात.

दुसरं, आपल्याकडचा खास घोळ. आपण मराठी वाहिन्या बघतो आणि 'कोकण-गोवा' किंवा 'कोल्हापूर' असा पट्टा दिसला की तो आपलाच धरतो. बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात येतो, त्याचा इशारा बेंगळुरू केंद्र देतं. किनारी कर्नाटकाचा रेड अलर्ट म्हणजे कारवार, उडुपी, मंगळूर. तोही आपला नव्हे. अर्थात जिल्ह्याला एकच रंग देणं हेही अर्धवटच आहे, कणकुंबी आणि अथणीला एका रंगात कसं मोजणार? त्यासाठी राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची ग्रामपंचायतवार पर्जन्यमापकं आहेत, त्यांचे आकडे बघा. आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप ठेवा. ऑक्टोबरात आपल्याकडे माणसं मरतात ती विजेने.

18 तारखेला दुपारनंतर गडगडून पाऊस होईलही, या दिवसांत होतोच. तेवढ्यावरून 'बघा, खरं झालं' म्हणत पुन्हा फोटो पाठवू नका. वारा किती लागला ते बेळगावजवळच्या सांब्र्याच्या वेधशाळेत मोजलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तो आकडा टाका, मग बोलू.