खुलासा : मागच्या चाकांना रुंद टायर लावण्याबद्दल

‘मागे दोन रुंद टायर टाका, कुठलीही गाडी रस्त्याला चिकटून धावते आणि मायलेजही वाढते’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि पावसाळ्यात धोक्याचाही.

पुढे अरुंद, मागे रुंद ही रचना खरी आहे, पण ती मुख्यतः इंजिनचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाड्यांची. पोर्शे ९११ कॅरेराला कंपनीच पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० देते (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). सस्पेन्शन, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळे त्या मापांवर बेतलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मात्र ओढणे, वळणे आणि ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्याच चाकांवर असतो. मागची पकड वाढवली की वळणावर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, गाडीचे नाक बाहेर सरकते. रुंद टायर घर्षणही वाढवतो, त्यामुळे मायलेज सहसा घटते.

आकडेमोड करून बघा : १८५/६५ आर १५ चा व्यास साधारण ६२१ मिमी, २०५/६५ आर १५ चा ६४७. म्हणजे चार टक्के फरक. एबीएस चाकांच्या वेगांची तुलना करते, तिला हा फरक घसरण वाटू शकतो. इंजिनचा जोर चारही चाकांना मिळणाऱ्या गाडीत तर हा जोर पुढे-मागे वाटणारे कपलिंगच झिजू शकते. शिवाय पुढचे-मागचे टायर आलटूनपालटून वापरता येत नाहीत.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा, हे बरोबर आहे. पण त्याच मापाचे. आपल्या गाडीचे माप ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये असते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा द्या.