चॅनल ९ वर आपल्याकडे कुणीही बसलेलं नाही

परवा रात्री नऊच्या सुमाराला भाचा पिकअप घेऊन दारात आला. हौद्यात ताडपत्रीखाली भाजी भरलेली होती. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून पहाटेच्या आत कोकणात पोचायचं होतं. हातात दीड मीटरचा अँटेना, तोंडावर घाई. म्हणाला, "मामा, टपाला एक भोक पाडून द्या की. सेट दोन दिवसांत येतोय."

कसला सेट, तर सीबी रेडिओ, म्हणजे 'सिटिझन्स बँड', सामान्य नागरिकांना एकमेकांशी बोलायचा कमी शक्तीचा बिनतारी सेट. मोबाईलवर आलेला मेसेज त्याने पुढे केला. तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. ती चूकच झाली. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: घाटात मोबाईल बंद पडला की माणूस संपला, म्हणून अमेरिकेतले ट्रकवाले वापरतात तो सीबी रेडिओ आजच गाडीत बसवा. परवाना लागत नाही. रेंज १०० किलोमीटर. अडचण आली की चॅनल ९ लावा, पोलीस आणि हायवेची गस्त चोवीस तास ऐकत असते. अँटेना टपावर कुठेही बसवा, जितका लांब तितका चांगला. वायर लायटरच्या सॉकेटला जोडा. २०१९ च्या महापुरात हा रेडिओ असता तर कोल्हापूरकरांचे हाल झाले नसते. आणि ऑनलाइन मिळतो, म्हणजे कायदेशीरच आहे.

मी गाड्यांचं वायरिंग करतो, आणि हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवानाही माझ्याकडे आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

सगळ्यात आधी चॅनल ९, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातील, या थापेने माणूस जाईल. चॅनल ९ ही गोष्ट खरी आहे, पण अमेरिकेतली. तिथल्या दळणवळण आयोगाने ही वाहिनी नियम करून आणीबाणीसाठी राखून ठेवली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय, पुढे पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी हा रेडिओ घरोघरच्या टीव्हीसारखा पसरवला. ट्रकवाल्यांच्या गप्पांचं चॅनल १९, ते रूढीने ठरलं. रस्त्यावर लाखो सेट होते, म्हणून हाक मारली की कुणीतरी ओ देत होतं.

आपल्याकडे असं काही घडलेलं नाही. आपल्या नियमांत आणीबाणीची म्हणून सीबीची कुठलीही वाहिनी राखलेली नाही. आपल्या पोलिसांचं बिनतारी जाळं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं. सीबीच्या पट्ट्यात आपल्याकडे काय ऐकू येतं म्हणाल, तर पोरांच्या रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्यासुद्धा त्याच २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. आता डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना, करूळ घाट, पुढच्या वळणावर दरड आलेली, मागून धुकं. मेसेजवर विश्वास ठेवणारं पोरगं केबिनमध्ये बसून बटण दाबून "चॅनल ९, चॅनल ९" करत राहणार. तेवढ्या वेळात गाडी मागे घेता आली असती, मागच्या गाडीवाल्याला थांबवता आलं असतं, चालत वर येऊन जिथे मोबाईलची एक कांडी दिसते तिथून ११२ लावता आला असता. ११२ ला स्वतःच्या कंपनीचंच नेटवर्क लागतं असंही नाही, दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असलं तरी फोन जातो. हे त्या मेसेजमध्ये एका ओळीनेही नाही. हायवेवरच्या मदतीचा १०३३ नंबरसुद्धा नाही. ज्याने हे लिहिलं त्याने घाटातून एक फेरी तरी मारली आहे का, हा माझा प्रश्न आहे.

"परवाना लागत नाही" हे अर्धं खरं आहे, तेवढं मी मान्य करतो. केंद्र सरकारने २००५ मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरिकांचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. पण कशासाठी मोकळा केला ते वाचायला हवं. जास्तीत जास्त ५ वॅट, अँटेना उपकरणाच्या अंगचाच, आणि उपकरण मंजुरी मिळालेलं. शिवाय दुसऱ्याला अडथळा करायचा नाही आणि तुम्हाला अडथळा झाला तर तक्रार करायची नाही. भाच्याला मी हेच पुन्हा वाचून दाखवलं: अँटेना उपकरणाच्या अंगचाच. म्हणजे ही सवलत हातात धरायच्या छोट्या सेटसाठी आहे. टपाला भोक पाडून, वायर आत ओढून वेगळा अँटेना जोडला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर गेलात. मेसेजमधली "परवाना लागत नाही" ही ओळ आणि "अँटेना टपावर बसवा" ही ओळ एकत्र पाळताच येत नाही. परवाना नको असेल तर टपावर अँटेना नको, आणि अँटेना हवा असेल तर परवाना हवा. एवढ्या एका नियमाने अर्धा मेसेज निकालात निघतो.

अजून एक गोष्ट, जी मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणीच तपासलेली दिसत नाही. अमेरिकी सेटवर ४० चॅनल असतात, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. आपला मोकळा पट्टा २७.२८३ ला संपतो. चॅनल २७ बसतं २७.२७५ वर, आणि चॅनल २८ बसतं २७.२८५ वर. म्हणजे २८ ते ४० ही तेरा चॅनल आपल्या हद्दीबाहेर. सेटचं बटण फिरवताना काटा कुठे थांबवायचा हे त्या सेटवर कुठेच लिहिलेलं नसतं. काही सेटवर सिंगल साइडबँडची, म्हणजे आवाज पाठवायच्या एका वेगळ्या पद्धतीची सोय असते, त्यात शक्ती १२ वॅटपर्यंत जाते. तेही ५ वॅटच्या वरच. भाच्याने मागवलेला सेट असलाच होता.

आता १०० किलोमीटर. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. जमिनीलगत सरळ जाणारी रेडिओची लाट साधारण क्षितिजापर्यंत जाते. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की ते अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्ही गाड्यांचे अँटेना जमिनीपासून २ मीटरवर धरले तर दोन्हींचं मिळून साडेअकरा किलोमीटर, तेही मध्ये झाड, घर, टेकडी काही नसताना. १०० किलोमीटर हवं असेल तर दोन्ही गाड्यांचे अँटेना सुमारे १४७ मीटर उंच पाहिजेत. प्रत्यक्षात ५ वॅटवर, शिरोलीपासून पुढच्या सपाट हायवेवर गाडी ते गाडी ५ ते ८ किलोमीटर मिळालं तरी चांगलं म्हणायचं. आणि आपण बोलतोय घाटाबद्दल. करूळ असो, फोंडा असो की आंबा घाट, तिथे एका वळणाच्या आड अख्खा डोंगर उभा असतो. ज्या डोंगरामुळे मोबाईल बंद पडतो तो डोंगर सीबीलाही बाजूला होऊन वाट देत नाही. २७ मेगाहर्ट्झची लाट मोबाईलच्या लाटेपेक्षा थोडी जास्त वळते, पण त्या "थोडी"च्या भरवशावर जीव टाकू नये.

मेसेजसोबत एक व्हिडिओही फिरतोय. त्यात एक माणूस गाडीत बसून हजारो किलोमीटरवरच्या माणसाशी सीबीवर बोलताना दिसतो. तो व्हिडिओ खोटा असेलच असं मी म्हणत नाही. सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं, त्याचा जोर २०२४ च्या सुमाराला शिगेला होता. अशा काळात २७ मेगाहर्ट्झची लाट आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून फार दूर उतरते. पण दूर उतरते म्हणजे मधला पट्टा ओलांडून उतरते. परदेशातला माणूस स्पष्ट ऐकू येईल आणि वैभववाडीतला, २० किलोमीटरवरचा, अजिबात ऐकू येणार नाही. भाच्याची गाडी दरीच्या कडेला अडकली असताना परदेशातला माणूस त्याला काय मदत करणार?

अँटेना आणि वायरिंगबद्दल फार लांबण लावत नाही. "जितका लांब तितका चांगला" हे चूक. लांबी लाटेच्या मापात असावी लागते. २७ मेगाहर्ट्झची लाट सुमारे ११ मीटरची, तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. त्यापेक्षा आखूड अँटेनात खाली किंवा मध्ये कॉइल घालून माप जुळवतात, आणि मग तो एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा) लावून त्या त्या गाडीवर जुळवून घ्यावा लागतो. हा आकडा दीडच्या आत असावा. तीनवर गेला तर चौथा हिस्सा शक्ती परत सेटकडे फिरते आणि सेटमधला शेवटचा ट्रान्झिस्टर तापतो. "कुठेही बसवा" हेही चूक, कारण अँटेनाखाली धातूच्या पत्र्याचा मोठा तुकडा लागतो. पिकअपच्या केबिनचा टप म्हणजे टेबलाएवढी जागा, आणि मागे ताडपत्रीचा सांगाडा. लायटरच्या सॉकेटवर ४ वॅटचा सेट चालतो, हे खरं आहे. पण सॉकेट सैल असतो आणि इंजिनाची खरखर आत येते. नीट काम म्हणजे बॅटरीपासून थेट वायर, बॅटरीजवळच फ्यूज. आणि मेसेज ट्रकवाल्यांनाही फिरतोय म्हणून एवढं सांगतोच: बऱ्याच मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा सेट तिला सरळ जोडला की तो जळणार. फ्यूज नसेल तर वायरही पेटेल.

महापुराचं नाव घेऊन हे विकायचं, याचा मला खरोखर राग आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांना पाठ असतं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी त्याच्या किती वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवे कसा बंद पडला ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत रेडिओचा उपयोग झाला नसता, असं मी म्हणणार नाही. रेडिओचा उपयोग होतो. पण कधी होतो? दुसऱ्या टोकाला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, बॅटरीची सोय करून शिकलेला माणूस बसलेला असतो तेव्हा. हौशी रेडिओवाले तेच करतात. त्यासाठी परीक्षा आहे, बारा वर्षांच्या पोरालाही देता येते, खालच्या श्रेणीला मोर्सची टिकटिक संकेतलिपीही लागत नाही. पुरात खरंच काही करायची ज्याची इच्छा आहे त्याने ती परीक्षा द्यावी. मी शिकवायला तयार आहे, पैसे न घेता.

ऑनलाइन मिळतं म्हणून कायदेशीर, हे म्हणणं एका ओळीत संपतं. अशा साइटवर परवाना-मंजुरीशिवाय वॉकीटॉकी सर्रास विकले जात होते, म्हणूनच २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली.

भाचा ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, "मग घाटात काय करायचं मामा? मोबाईल तर जातोच."

त्याचा प्रश्न खरा आहे, आणि मेसेज पसरतो तो याच प्रश्नावर. मी त्याला सांगितलं: दोन गाड्या बरोबर जात असतील तर ४४६ मेगाहर्ट्झचे परवानामुक्त छोटे हँडसेट घे, मंजुरीचा नंबर बघून. पुढची गाडी मागच्याला दरड, म्हैस, बंद पडलेला ट्रक सांगू शकते, तेवढ्या अंतरावर ते चालतात. एकटा असलास तर गगनबावड्यात चहाला थांबतोस तिथून घरी फोन कर, आणि वैभववाडीत उतरलास की पुन्हा कर. दीड तासात दुसरा फोन आला नाही तर घरचे मला उठवतील आणि मी दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांना फोन लावीन.

सेटची ऑर्डर त्याने माझ्यासमोरच रद्द केली. टपाला भोक पडलं नाही. त्या रात्री पावणेबाराला गगनबावड्यातून फोन आला, आणि साडेबाराला वैभववाडीतून.