सोकावलेलं गिऱ्हाईक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गिऱ्हाईकाची चूक छापण्याआधी फुकटात दाखवून देणं ही आम्हा छापखानेवाल्यांची खरी सेवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. छापखानेवाल्याने छापावं, गिऱ्हाईकाच्या चुका शोधत बसू नये. फुकट दिलं की माणूस सोकावतो. त्यापेक्षा शंभरामागे पाच रुपये कमी लावा, त्याला तेच हवं असतं, असं तुमचं म्हणणं. तुमचं स्वतःचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे हे नुसतं बाहेरून केलेलं बोलणं नाही. निम्मं तर मला मान्यच आहे.

सुरुवातीला मी डिझाइन फुकट करून द्यायचो. एका हॉटेलवाल्यांचं मेनूकार्ड तीनदा बदललं. शेवटी ‘घरी दाखवतो’ म्हणून त्यांनी पीडीएफ मागून घेतली आणि छपाई दुसरीकडे करून घेतली. तेव्हापासून डिझाइनचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत असतात. रात्री अकराला लग्नपत्रिका घरपोच देणंही बंद केलं. तिथे तुमचा ‘सोकावणं’ शब्द चपखल बसतो. आणि दिवाळीला वाटतो ती कॅलेंडरं ही माझी जाहिरात. तिला सेवा म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.

पण बिलबुकाचं घ्या. गिऱ्हाईक जीएसटी क्रमांक चिठ्ठीवर लिहून आणतं. त्यातलं ते गोल शून्य आहे की इंग्रजी ओ, हे खुद्द त्यालाही सांगता येत नाही. मला येतं. एकूण 15 जागा. पहिले 2 आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढचे 10 म्हणजे पॅन, आणि पॅनमध्ये आधी 5 अक्षरं, मग 4 आकडे, मग पुन्हा 1 अक्षर. म्हणजे तिसऱ्या ते सातव्या जागेवर गोल दिसलं तर तो ओ, आठव्या ते अकराव्या जागेवर दिसलं तर शून्य. बघायला अर्धं मिनिट लागतं. चुकलं तर 20 बुकं रद्दीत, आणि तशीच वापरली तर त्याच्याकडून माल घेणाऱ्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडकतं. कंपोझिशनमधला, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतला, दुकानदारही बिनधास्त ‘टॅक्स इन्व्हॉइस’ छापायला सांगतो. त्याला गिऱ्हाईकाकडून कर घेताच येत नाही. त्याचं ‘बिल ऑफ सप्लाय’ असतं, आणि वर तसं वाक्य टाकावं लागतं. हे मला रोजच्या कामातून पाठ झालंय. सांगायला मला काही पडत नाही, त्याचं मात्र मोठं नुकसान टळतं. पाच रुपये कमी लावले तर उद्या समोरचा सहा कमी लावेल.

या सगळ्याची परतफेड होतेच, असा दावा मी केलेला नाही. एक कवी 132 पानांचा संग्रह घेऊन आले होते. आमच्याकडे फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा, 16 पानांचा. 8 फॉर्ममध्ये 128 पानं बसतात आणि उरलेल्या 4 पानांसाठी छपाईच्या वेगळ्या प्लेटा काढाव्या लागतात. मी म्हटलं, दोन कोरी पानं काढा, मनोगत दोन पानांनी आटोपतं घ्या. त्यांचे पैसे वाचले, माझं बिल तेवढं कमी झालं. पुढचा संग्रह त्यांनी पुण्यात छापला. आता हसा खुशाल.

तपासणीचे पैसे का लावत नाही, हा तुमचा प्रश्न चांगला आहे. एकदा लावून पाहिले. ‘नको, आम्हीच बघतो’ असं म्हणून लोक छपाईआधीच्या नमुन्यावर सरळ सही करायचे. मग चूक निघाली की बुकं घेऊन माझ्याच दारात, ‘तुम्हाला कळायला नको होतं का?’ कायद्याने मी मोकळा, पण गावात तसं कुणी मानत नाही.

आणि एक विचारतो. व्हॉट्सॲपवरून आलेला वाढदिवसाचा अंधुक फोटो दहा फुटी फ्लेक्सवर फुटणार, हे तुम्हाला आधीच दिसतं. तेव्हा ‘मूळ फोटो पाठवा’ असा फोन तुम्ही करता की तसाच छापून मोकळे होता?